पोक्त बाई पाहिजे

भिंगरीनं वर्तमानपत्रातून कापलेला तुकडा माझ्या पुढ्यात टाकला आणि ती खिडकीशी गेली. खिडकीतून दाराशी आली. दारातून पुन्हा खिडकीशी. मला चष्मा सापडेपर्यंत तिच्या तीन चकरा झाल्या होत्या.

"वाचलंत का, बाई?"

"अगं, चष्मा तरी नाकावर चढू दे."

"मग मीच सांगते. नोकरदार मुलींच्या वसतिगृहावर अधीक्षिका हवी आहे. राहायला दोन खोल्या, त्याही तळमजल्यावर. आणि शेवटची ओळ ऐका. 'पोक्त बाई पाहिजे. वय पंचेचाळीसच्या पुढे.'"

"तू छत्तीसची आहेस."

"म्हणून तर तुमच्याकडे आले ना."

ही भिंगरी म्हणजे आमच्या नाट्यगृहातली जागा दाखवणारी बाई. हातात बॅटरी घेऊन अंधारात प्रेक्षकांना त्यांच्या खुर्चीपर्यंत नेऊन बसवायचं, हे तिचं काम. दुसरी घंटा आणि तिसरी घंटा यांच्या मधे ती खालच्या रांगा आणि वरची बाल्कनी दोन्हीकडे माणसं पोचवायची. रंगमंचावरून आम्हाला अंधारात फक्त एक उजेडाचा ठिपका पळताना दिसायचा. आमच्यातला एक विनोदी नट म्हणाला, "पायाला भिंगरी लावलीय का हिच्या?" तेव्हापासून तिचं नाव भिंगरी. तिचं कागदोपत्री नाव काय, हे पगारपत्रक लिहिणाऱ्यालाच माहीत.

त्या वर्षी नाट्यगृह पाडायचं ठरलं. मला रंगमंच सोडून तोवर चार वर्षं झाली होती, तरी बातमी ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पण माझं फक्त मन मोडलं. भिंगरीचं घर मोडणार होतं. नाट्यगृहाच्या मागच्या अंगाला, देखावे ठेवायच्या गोदामाला लागून, नोकरीबरोबर मिळालेल्या दोन खोल्यांत ती राहायची. तिच्याबरोबर तिची सासू राहायची. नवरा सात वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी दुसरा संसार मांडून बसला होता. जाताना त्यानं रेडिओ नेला, चांगली छत्री नेली, आई तेवढी ठेवून गेला.

सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या. जीभ विशीतली, गुडघे मात्र संपावर गेलेले. एक पायरी चढायची तर त्या आधी पायरीला शिव्या घालत, मग देवाला, मग चढत. खोल्या रिकाम्या करायला पंचवीस दिवसांची मुदत मिळाली होती आणि भिंगरीला परवडणारी जी जी जागा दिसली ती तिसऱ्या नाहीतर चौथ्या मजल्यावर. मुलाचं, म्हणजे भिंगरीच्या नवऱ्याचं, पत्र आलं, की आईला वृद्धाश्रमात ठेवून टाका, मी फॉर्म पाठवतो. पत्र मिळालं त्याच दुपारी सासूबाईंनी आपली पिशवी भरून दाराशी ठेवली.

"नवरा गेला तेव्हा मी आडवी आले नाही," भिंगरी मला म्हणाली. ती आता माझ्या कपाटाच्या दाराची उगीच उघडझाप करत होती. "पण सासू जाऊ देणार नाही. महिनाअखेरीच्या आत तळमजला मिळाला नाही तर त्या जातील, बाई. पिशवी अजून दाराशीच आहे. मी रोज रिकामी करते, त्या रोज भरतात."

"आणि मी काय करू?"

"मला पोक्त करा."

पोक्त. मी तो तुकडा पुन्हा वाचला. मोठा चमत्कारिक शब्द आहे हा. आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन निमूट उभी राहिली की शेजारीण म्हणते, काय पोक्त आहे हो पोर. म्हणजे तिचं खेळणं संपलं. चाळिशीची बाई खदाखदा हसली की तीच शेजारीण म्हणते, आता तरी पोक्तपणानं वागा. लग्न जुळवताना मुलीकडचे सांगतात, वयानं लहान पण विचारानं पोक्त. म्हणजे तोंड वर करून बोलणार नाही. घरात पेच पडला की म्हणतात, चार पोक्त बायकांना विचारा. आणि विचारून झालं की करतात पुरुषांच्या मनासारखंच. प्रौढ म्हटलं तर नुसतं वय कळतं, सरकारी कागदावरही तो शब्द चालतो. वयस्कर म्हटलं तर गुडघे आठवतात. पण पोक्त म्हणजे जे वय आहे ते अंगात मुरलेलं. शिवाय हा शब्द नेहमी दुसऱ्यांनी लावायचा. मी आजवर एकही बाई पाहिली नाही जी आरशात बघून म्हणाली, मी पोक्त आहे.

मात्र पोक्त दिसायचं कसं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. माझा चेहरा लांबट, आवाज खर्जातला. त्यामुळे सव्विसाव्या वर्षापासून माझ्या वाट्याला आया, आत्या आणि करारी विधवाच आल्या. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या नटांची मी आई झाले. तेव्हा रडले, मग त्यावरच जगले. भिंगरीला खोटं वागायला शिकवणं बरोबर होतं का, असं मला नंतर एकदोघांनी विचारलं. मी आयुष्यभर तेच केलं. फरक एवढाच, की समोर तिकीट काढून माणसं बसलेली असायची. आणि खरं सांगते, त्या दाराशी ठेवलेल्या पिशवीपुढे मला बरोबर-चूक काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. सासूबाई मधल्या खुर्चीत प्रेक्षक म्हणून.

"आधी बस," मी म्हणाले.

भिंगरी बसली.

"ही बसलीस? चिमणी तारेवर बसते तशी? अर्धं बूड हवेत आहे तुझं."

"उठायला सोपं जातं."

"पोक्त बाई उठायचं ठरवून बसत नाही. खुर्ची भर. पाठ टेक. हात मांडीवर सोडून दे."

तिनं हात सोडले. हात दोन क्षण राहिले आणि बोटं आपोआप मांडीवर तबला वाजवू लागली.

"एकाहत्तर वर्षं झाली," सासूबाई म्हणाल्या, "मला अजून पोक्त होणं जमलं नाही. आणि ही पंधरा दिवसांत होणार. सगळी सोंगं आणता येतात म्हणे."

"आई, तुम्ही हसवू नका. हसलं की माझं वय उतरतं."

"उतरू दे की. नटीबाई बसल्यात चढवायला."

कानशिलावरच्या केसांना पावडर चोळली. माझ्या पेटीतला बिननंबरी काचांचा चष्मा दिला. करड्या रंगाची शाल दिली. पण हे सगळं वरवरचं. केसांना पांढरं लावून कुणी मोठं होत नाही, नाहीतर पिठाच्या गिरणीतला माणूस सगळ्यात पोक्त ठरला असता. खरी गोष्ट वेगळी असते. हाक आली की मान वळवायची नाही, सगळं अंग वळवायचं. जिन्यावर प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकायचे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, कुणी काही विचारलं की लगेच बोलायचं नाही. मनात तीन आकडे मोजायचे. एक, दोन, तीन. मग बोलायचं. त्या तीन आकड्यांत समोरच्याला वाटतं, बाई विचार करतेय. माझ्या प्रौढ भूमिकांना जे नाव मिळालं ते निम्मं त्या तीन आकड्यांना.

ते तीन आकडे भिंगरीला सगळ्यात जड गेले. तिची जीभ प्रश्न संपायच्या आधीच उत्तर देऊन मोकळी व्हायची. मी विचारायची, तुमचं मूळ गाव कोणतं? 'मूळ' म्हणेपर्यंत उत्तर आलेलं. शेवटी तिनं तोंडात पाण्याचा घोट धरून सराव केला. सासूबाई मुद्दाम अशा वेळी काहीतरी बोलायच्या की पाणी माझ्या अंगावर. असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी मी विचारलं, "वय किती आपलं?" तिनं सावकाश माझ्याकडे अंग वळवलं. चष्म्यावरून पाहिलं. एक, दोन, तीन. "सेहेचाळीस."

माझ्या अंगावर काटा आला. सासूबाई म्हणाल्या, "हिच्यापुढे तर मीच पोरगी वाटायला लागले."

मुलाखत घ्यायला वसतिगृहाच्या समितीतली तिघं होती. अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, दाताखाली खडा आल्यासारखं बोलणाऱ्या. एक डॉक्टर, आणि चिटणीस म्हणून एक वकील. वयाचा दाखला त्यांनी मागितला नाही. अर्जावर लिहिलेला सेहेचाळीसचा आकडा पाहिला, समोरची शाल पाहिली, पुढे गेले. नंतर भिंगरीनं मला सगळं करून दाखवलं.

"एखादी मुलगी वेळेत परतली नाही तर काय कराल?" डॉक्टरांनी विचारलं.

हिनं एक म्हटलं मनात. दोन म्हटलं.

"अर्थात, आधी तिला बोलू द्यायला हवं," डॉक्टरच म्हणाले.

"आणि मग कडक समज," वकील म्हणाले.

"पण चारचौघींत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "एकटीला बोलावून."

हिनं तीन म्हटलं आणि मान हलवली. तिघंही तिच्या उत्तरावर खूश. तीन महिने काम बघू, मग कायम करू, असं ठरलं. मुदत संपायला चार दिवस असताना सासूबाईंची दाराशी ठेवलेली पिशवी वसतिगृहाच्या तळमजल्यावर उघडली गेली.

वसतिगृहात बत्तीस मुली. कुणी टंकलेखनाच्या नोकरीवर, कुणी दुकानात, कुणी नर्सिंग शिकणारी. पहिल्याच सकाळी नळाला पाणी नव्हतं आणि वरच्या मजल्यावरून हाक आली, "काकू, पाणी!" भिंगरीनं मागं वळून पाहिलं, काकू कुठं आहेत म्हणून. मग तिच्या लक्षात आलं.

दर गुरुवारी तिला दुपारची सुटी असे. त्या दुपारी ती माझ्याकडे यायची, दार लावायची, शाल खुर्चीवर फेकायची आणि तासभर माझ्या खोलीत येरझारा घालायची. मी चहा तिच्या हातात न देता वाटेत टेबलावर ठेवायची. ती जाता जाता एक घोट घ्यायची, येता येता दुसरा.

"अंग आखडलं, बाई. सबंध आठवडा मी पाय मोजून टाकते. मुली मला काकू म्हणतात. स्वयंपाकीणबाई माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या, त्या मला बाई म्हणतात आणि काय विचारतात, तर सुनेला वळण कसं लावावं. मी सांगते बरं का. तीन मोजून सांगते. अध्यक्षबाई मॅडम म्हणतात. आणि आई म्हणतात अगं ए. एका दिवसात किती वयांची व्हायचं माणसानं?"

"रात्री झोप लागते ना?"

"लागते. स्वप्नात धावते."

दुपारी मुली कामावर गेल्या की ती गच्चीवर जायची म्हणे. वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत भरभर चालायची. एकदा स्वयंपाकीणबाई वर आल्या, तर ही जागच्या जागी थबकली आणि चादरीची शिवण तपासू लागली.

"आणि तुझ्या सासूबाई कशा आहेत?" मी विचारलं.

"त्यांचं काय विचारता. त्यांची चैन आहे." हे म्हणताना ती पहिल्यांदा थांबली. "संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत मुलींची ही गर्दी. पत्ते खेळतात. आई पत्त्यांत लबाडी करतात आणि पकडलं की मुलींनाच ओरडतात. कुणाचं कुणाशी जमलंय, कुणाचा साहेब कसा आहे, सगळं त्यांना माहीत. मी दारात आले की सगळ्या उठून उभ्या राहतात आणि म्हणतात, येतो हं काकू." तिनं कप उचलला, तो रिकामा होता, तरी घोट घेतला. "मला कुणी काही सांगत नाही, बाई. फार पोक्त झालेय मी."

मी हसले. हसायला नको होतं.

अडीच महिने उलटले तेव्हाची गोष्ट. सात नंबरच्या खोलीत नर्सिंग शिकणारी एक मुलगी होती, अबोल, सगळ्यांत शेवटी जेवणारी. एका संध्याकाळी ती कार्यालयाच्या दाराशी येऊन उभी राहिली. भिंगरी हजेरीची वही लिहीत होती.

"काकू, थोडं बोलायचं होतं."

भिंगरीनं लेखणी खाली ठेवली. सगळं अंग तिच्याकडे वळवलं. चष्म्यावरून पाहिलं. एक. दोन.

"काही नाही, असू दे," मुलगी म्हणाली आणि जिन्याकडे गेली.

तीन.

भिंगरीनं पुढे मला कबूल केलं, की त्या क्षणी तिला आधी वाटलं ते हे, की आज अगदी बरोबर जमलं. मी तिथं असते तर तिची पाठ थोपटली असती. मुलगी निघून गेली हे तिच्या ध्यानात आलं ते वही पुरी लिहून झाल्यावर. मग ती दोनदा जिन्यापर्यंत गेली. दोन्ही वेळा तिला वाटलं, पोक्त बाई मुलीच्या मागं वर जाणार नाही, उद्या सकाळी बोलावून घेईल. ती परत आली.

सकाळी साडेसहाला सासूबाईंनी तिला हाताला धरून हलवलं. हलवायला त्या गुडघ्यांना शिव्या न घालता उठल्या होत्या, त्यावरूनच भिंगरी जागी झाली.

"सातमधली निघाली. ट्रंक घेऊन फाटकाबाहेर गेलीसुद्धा. तिची खोलीसोबतीण आत्ता रडत आली माझ्याकडे. पोरगी दुसऱ्यांदा नापास झालीय. आता शिक्षण सुटणार, घरी तोंड दाखवणार नाही म्हणतेय. काल तुझ्याकडे आली होती म्हणे."

"आली होती."

"मग काय म्हणालीस?"

"काहीच नाही."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "मग बसलीस काय अशी? धाव."

आणि भिंगरी धावली. पायरीवर दोन पाय टेकायचे विसरून तिनं चार पायऱ्या एका उडीत संपवल्या. शाल फाटकाला अडकली, तिथंच राहिली. मोठ्या रस्त्याच्या मधे लोखंडी कठडा होता, तो ओलांडायला लोक पाऊणशे पावलं वळसा घालत; ही त्यावरून गेली. कोपऱ्यावर अध्यक्षबाई सकाळच्या फिरण्याला निघाल्या होत्या. त्यांनी आपल्या वसतिगृहाच्या सेहेचाळीस वर्षांच्या अधीक्षिकेला कठडा ओलांडताना पाहिलं. थांब्यावरून बस सुटली होती आणि मागच्या खिडकीत ती मुलगी दिसत होती. भिंगरी बसच्या बाजूनं पुढच्या थांब्यापर्यंत पळाली आणि चढली.

मुलगी मागच्या बाकावर होती, ट्रंक पायांत. ती दचकली. तिला काकू दिसल्या, पण काकूंचे केस घामानं काळे झाले होते आणि चष्मा नव्हता.

"काल मी मोजत होते," भिंगरी धापा टाकत म्हणाली.

"काय मोजत होता?"

"तीन. कुणी काही बोललं की तीन मोजायचे, मग बोलायचं, असं मला शिकवलंय. तू दोनवर गेलीस."

मुलीला काहीच कळेना. भिंगरीनं तिला सगळं सांगितलं. नाट्यगृह, बॅटरी, पावडर, मी, सासूबाईंची पिशवी. आपण छत्तीस वर्षांच्या आहोत हेही. तिकीट फाडणारा कंडक्टर उभा राहून ऐकत होता. शेवटी मुलगी म्हणाली, "म्हणजे तुम्ही माझ्या थोरल्या बहिणीएवढ्या आहात." आणि मग रडली. त्या दोघी बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंत गेल्या, आगाराच्या बाकावर तासभर बसल्या आणि त्याच बसनं परत आल्या. मुलीनं पुन्हा परीक्षा दिली आणि पुन्हा नापास झाली, हेही इथंच सांगून टाकते. मग ती औषधांच्या दुकानात लागली आणि अजून तिथंच आहे. कुठल्या गोळीबरोबर कुठली घ्यायची नाही हे मला तिनंच सांगितलंय.

फाटकाशी अध्यक्षबाई उभ्या होत्या. हातात शाल.

"धावण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही," त्या म्हणाल्या. "वय किती तुमचं?"

"छत्तीस," भिंगरी म्हणाली. प्रश्न पुरता संपायच्या आत.

पुढचे आठ दिवस फार वाईट गेले. समितीची बैठक पुढच्या आठवड्यात होती. भिंगरी आता पाय मोजत नव्हती, सगळं वसतिगृह तिच्या चालण्यानं हादरत होतं. एका दिवसात तिनं टाक्या धुतल्या, बत्तीस गाद्या उन्हात टाकल्या, सगळ्या कड्यांना तेल घातलं. बाहेरच्या खोलीत सासूबाईंनी पिशवी खाली काढली होती आणि दाराशी नेऊन ठेवली होती. मी भेटायला गेले तर मुली तिला काय म्हणावं या घोटाळ्यात. एकीनं ताई म्हणून हाक मारली. भिंगरी तशीच पुढे गेली, तिला ती हाक आपल्याला आहे हे कळलंच नाही. दुसरीनं काकू म्हटलं आणि जीभ चावली.

समितीचा निर्णय चार ओळींचा आला. अधीक्षिकेनं मुलीची काळजी घेतली याची नोंद घेतली आहे. तरी वयाबाबत चुकीची माहिती दिल्यानं त्यांना कायम करता येत नाही. जागा पुन्हा भरण्यात येईल. खोल्या महिनाअखेर रिकाम्या कराव्यात.

भिंगरीनं कागद वाचला, घडी केली, उघडला, पुन्हा घडी केली. "बरोबर लिहिलंय," ती म्हणाली. "मी खोटंच लिहिलं होतं." आणि ती वृद्धाश्रमाचा तो फॉर्म शोधायला आत गेली. मुलानं पाठवलेला. इतके दिवस तिनं तो फाडला नव्हता, आणि हे तिलाही आत्ताच जाणवलं, असं तिच्या तोंडावरून वाटलं.

"नटीबाई," सासूबाई मला म्हणाल्या, "तो नको. दुसरा कागद घ्या. कोरा. माझा हात कापतो, तुम्ही लिहा."

"कुणाला लिहायचंय?"

"समितीला. जागा रिकामी आहे ना? वय पंचेचाळीसच्या पुढे हवंय ना? माझं पुढेच आहे."

मी लेखणी उघडली, पण कागदाला टेकवली नाही.

"लिहा हो. पोक्त आहे का ते मला ठाऊक नाही. ते त्यांनी ठरवावं."

मुलाखतीला मी त्यांना धरून नेलं, म्हणून हे मी स्वतः पाहिलं. तीच तिघं समोर. सासूबाई खुर्चीत बसल्या आणि आधी खुर्चीला नावं ठेवली.

"आपलं वय?" वकिलांनी विचारलं.

"एकाहत्तर. दाखला आणलाय. खोटं बोलायची पाळी आमच्या घरात एकदा होऊन गेली."

डॉक्टरांनी खोकला आणला.

"तुम्हाला जिना चढता येत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मुलींना उतरता येतं."

"तुम्ही मुलींबरोबर पत्ते खेळता, अशी तक्रार आहे."

"लबाडी करते अशी असेल. खेळते ही तक्रार कोण करणार?"

"आणि धावाधाव? पाणी, आजारपण, रात्री-अपरात्री दार? ती कोण करणार?"

"माझी सून आहे. घरात छत्तीस वर्षांची धडधाकट सून असताना मी कशाला धावू? तिला तुम्ही मदतनीस म्हणा, नाहीतर काही म्हणू नका. तिला कशानंही बोलावलं तरी ती येतेच."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि पुसला. बराच वेळ पुसला. भिंगरी बाहेरच्या ओसरीत होती. तिची पावलं आतपर्यंत ऐकू येत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळण, परत.

"ती सात नंबरची मुलगी आता कशी आहे?" अध्यक्षबाईंनी मधेच विचारलं.

"पोट साफ नाही तिचं. आणि भावानं पत्र लिहिलंय, ये म्हणून, पण तिला जायचं नाही. पुन्हा परीक्षेला बसणार म्हणते. बसू दे. होईल पास, नाही तर नाही."

वकिलांनी नियम पाहिले. वरच्या वयाची मर्यादा कुठं लिहिलेली नव्हती, कारण एकाहत्तराव्या वर्षी कुणी अर्ज करील हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. डॉक्टरांनी सासूबाईंचे गुडघे तिथंच वाकवून पाहिले आणि दोघांनाही घाम फुटला. मग तिघं आतल्या खोलीत गेली. आम्ही बसून राहिलो. सासूबाईंनी माझा हात धरला होता आणि त्यांचा हात खरंच कापत होता. मला आधी वाटलं होतं ते नुसतं निमित्त असेल.

अध्यक्षबाई एकट्या परत आल्या. "एक वर्षासाठी," त्या म्हणाल्या. "सून मदतनीस. पण वही नीट लिहायची. आणि पत्ते रविवारी."

"शनिवारी-रविवारी," सासूबाई म्हणाल्या.

"बरं. शनिवारी-रविवारी."

सासूबाई उठायला लागल्या, पहिल्या प्रयत्नात जमलं नाही, दुसऱ्यात मी आणि अध्यक्षबाईंनी दोन बाजूंनी धरलं. ओसरीतली पावलं थांबली होती. दारात भिंगरी उभी होती, काही विचारायचं धैर्य नसलेली, एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत.

"अगं ए," सासूबाई म्हणाल्या, "उभी काय? पुढे पळ आणि माझी पिशवी रिकामी कर. आणि ऐक, तळाशी तो वृद्धाश्रमाचा फॉर्म आहे, मीच ठेवला होता, तो फाड."

ती गेली. ओसरीत तिच्या पावलांचा आवाज झाला नाही, इतक्या वेगानं गेली.